महादेवासाठी नेलेलं पाणी

चमत्कारांच्या गोष्टी मी आयुष्यभर संशयानंच ऐकल्या. त्यांत देवापेक्षा सांगणाऱ्याचा हात मोठा असतो, असं माझं मत होतं आणि बऱ्याच अंशी अजूनही आहे. आमच्याच या गोष्टीत, आम्ही आमच्या देवास शहरात परत येईपर्यंत, पांढऱ्या दाढीचा एक साधू शिरला होता. साधू नव्हता. म्हणून जे घडलं तेवढंच लिहितो. त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही.

वैशाखात आमच्या मराठी मंडळाची पदयात्रा असते. मनावर गावाकडे जाताना घाट उतरला की आडबाजूच्या माळावर महादेवाचं एक लहानसं देऊळ आहे. उन्हाळाभर तिथं पिंडीवर गळती टांगतात, म्हणजे बुडाला बारीक भोक पाडलेलं मडकं. त्यातून देवावर थेंब थेंब पाणी पडत राहतं. त्या मडक्यासाठी आम्ही नर्मदेचं पाणी तांब्याच्या कळशीतून नेतो. कळशी नेणारीनं सोवळ्यात राहायचं, वाटेत बोलायचं नाही आणि कळशी जमिनीला टेकवायची नाही. यंदा तो मान माईकाकूंचा होता. या माझ्या चुलत काकू. सोवळ्याच्या बाबतीत इतक्या कडक, की त्यांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आमचे पाय आपोआप थांबतात.

उजाडताच चालायला लागायचं ठरलं होतं. पण बसमधून उतरल्यावर आधी अध्यक्षांचा सत्कार झाला. निमाडातल्या वैशाखात एका घामाघूम माणसाला आम्ही शाल पांघरली आणि टाळ्या वाजवल्या. मग सत्काराला उत्तर झालं. ते संपेपर्यंत ऊन चढलं होतं आणि बाटल्या निम्म्या झाल्या होत्या. वाटेत हातपंप लागतो, असं अध्यक्ष म्हणाले. हातपंप लागला. तो नुसता खडखडला.

माझी बायको सुधा माझ्या पुढं चालत होती. तिची चाल तिरपी पडतेय असं मला वाटलं, तोवर ती एका पळसाच्या खोडाशी बसली. कपाळाला हात लावला तर तव्यासारखं तापलेलं, आणि घामाचा टिपूस नाही. मी नावानं हाक मारली. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं आणि हिंदीत विचारलं, "भाईसाब, आप कौन?"

दारात आलेल्या परक्या माणसाला विचारावं तसं, अगदी आदबीनं. मग तिची मान एकीकडे कलली.

फोनला रेंज नव्हती. बस मागं राहिली होती, देऊळ बरंच पुढं होतं. सगळ्यांच्या बाटल्या उलट्या करून पाहिल्या, ओठ ओले करण्यापुरतंही निघालं नाही. पाणी एकाच ठिकाणी होतं. मी माईकाकूंच्या कमरेवरच्या कळशीकडे पाहिलं.

"अरे भिया, देवाचं आहे ते!" अध्यक्ष मध्ये आले. "कुणीतरी बसकडे पळा ना फटाफट. देवाचं पाणी उष्टं कसं करणार?"

"व्हा बाजूला," असा आवाज आला. माईकाकूंचा. मौन मोडलं होतं.

"काकू, अहो, गळती..." अध्यक्ष म्हणाले.

"गळतीचं मी पाहून घेईन महादेवाशी. तू त्या फडक्यानं वारा घाल."

त्या खाली बसल्या, सुधाचं डोकं मांडीवर घेतलं आणि कळशी तिरपी केली. डोक्यावर, मानेवर, काखेत, बारीक धारेनं. ओठ हलत होते. अभिषेकाला म्हणतात तेच त्या म्हणत होत्या. अध्यक्ष स्वतःच्या सत्काराच्या बॅनरनं वारा घालू लागले. कळशी रिकामी झाली. काकूंनी ती जमिनीवर आडवी सोडून दिली आणि पदर पिळून पुन्हा सुधाच्या कपाळावर ठेवला. पुढं काय, हे त्यांनी कुणालाच विचारलं नाही.

पदरही सुकत आला, तेव्हा ट्रॅक्टरचा आवाज आला. मागच्या ट्रॉलीत पाण्याची मोठी टाकी होती. चालवणारा आम्हाला पाहून आमच्याइतकाच दचकला.

"लगन में टंकी ले जा रिया था, बाबूजी," तो म्हणाला. "रोज को रस्तो है म्हारो. आज पता नी, इधर कैसे मोड़ दियो. इधर तो कोई रेवे बी नी."

रोजची वाट सोडून तो इकडे का वळला? लग्नाची जागरणं असतील, उन्हात डुलकी लागली असेल. ही कारणं मला तिथंच सुचली आणि त्यांतलं एखादं खरंही असेल. पण ती सुचत असताना माझे दोन्ही हात त्या माणसाच्या खांद्यांवर होते आणि मी रडत होतो.

सुधाला ट्रॉलीत निजवून, टाकीची तोटी तिच्यावर सोडून आम्ही मनावरला नेलं. डॉक्टर म्हणाले, पहिलं पाणी थोडं उशिरा पडलं असतं तर हाती काही लागलं नसतं. संध्याकाळी तिनं डोळे उघडले. "अहो, माझा चष्मा कुठाय?" एवढंच म्हणाली. ती मराठीत बोलली, मला ओळखून बोलली. बाकावर बसलेल्या माईकाकूंनी पदर डोळ्यांना लावला.

शरणागतीबद्दल मी पुष्कळ वाचलं होतं. ती दिसते कशी, हे त्या दिवशी पाहिलं. जन्मभर जपलेलं सगळं त्या बाईनं एका कळशीबरोबर उपडं केलं आणि पुढचं ज्याचं त्याच्यावर सोडलं.

सुधा आता बरी आहे. दुपारी तिचा डोळा लागला की मी हातातलं पुस्तक ठेवून तिच्या खोलीत डोकावतो, श्वास चालू आहे ना ते पाहतो. चालू असतो. आभार नक्की कुणाचे मानायचे हे अजून ठरत नाही, म्हणून दारातच उभा राहून मी मोघम हात जोडतो.