पूजेआधीचं फूल

इंग्लंडला जायचा निर्णय माझा नव्हता. तो हौसाबाईंच्या दत्तानं डर्बीत बसून घेतला. दत्ता आमच्या जांबे गावचा, तिकडे एका ओतकामाच्या कारखान्यात लागलेला. आईनं एकदा येऊन जावं म्हणून त्यानं तिचं तिकीट काढलं, आणि आई एकटी विमानात बसेना म्हणून दुसरं माझं काढलं. अट एकच होती. "पंत, आई बोलेल ते तुम्ही त्यांना इंग्रजीत सांगायचं, आणि ते बोलतील ते आईला."

मी पुण्याच्या एका दैनिकाचा मुळशी तालुक्याचा वार्ताहर. शिक्षण संस्कृत पाठशाळेत, इंग्रजी पुढे वर्तमानपत्रं वाचून कमावलेलं. परक्या माणसाशी बोलताना मला आधी संस्कृत सुचतं, मग मराठी, आणि इंग्रजी येईपर्यंत तो माणूस निघून गेलेला असतो. तरी मी हो म्हटलं. फुकटच्या विमानप्रवासाला नको म्हणण्याइतकं वैराग्य पाठशाळेच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

आम्ही पोचलो त्या आठवड्यात दत्ताला रजा मिळेना. म्हणून त्यानं आम्हांला एका बस-सहलीत बसवून दिलं. जुन्या सरदार-जमीनदारांचे वाडे पाहायचे, मधूनमधून खेड्यांतल्या चालीरीती पाहायच्या, आणि शेवटी परत डर्बी. सोबत सगळे निवृत्त इंग्रज, गाईड हॅरी नावाचा एक माजी शाळामास्तर. जाणाऱ्यांच्या सोयीसाठी सांगतो: वाड्यांचं प्रवेशशुल्क सहलीत धरलेलं असतं, चहाचं नसतं. शाकाहाऱ्याला उकडलेले वाटाणे आणि बटाटे मिळतात, दुसऱ्या दिवशी बटाटे आणि वाटाणे. मेतकूट न्यावं. बस सांगितलेल्या वेळेलाच सुटते, याची मनाची तयारी पुण्यातूनच करून जावी.

रस्ते मात्र बघत राहावे असे. दोन्हीकडून माणसाच्या उंचीची हिरवी कुंपणं, मधून बस जेमतेम जाते. समोरून ट्रॅक्टर आला की दोघांपैकी एक जण मागे सरतो आणि दुसरा हात वर करून आभार मानतो. हौसाबाई म्हणाल्या, "आपल्याकडं असतं तर आतापतूर चार जण उतरून भांडाया लागले असते."

त्या हे मोठ्यानं म्हणाल्या. त्या सगळंच मोठ्यानं म्हणत. नऊवारी, कपाळावर ठळक कुंकू, पायांत दत्तानं घेतलेले लोकरी मोजे आणि त्यावर चपला. बसमधले लोक सौम्यपणे वळून बघत, आणि मी खिडकीबाहेरच्या मेंढ्यांचं गाढ अवलोकन करी. पहिल्या वाड्याच्या हिरवळीवर त्यांनी दशम्या आणि ठेचा सोडला, तेव्हा मी गुलाबाच्या वाफ्यांकडे निघून गेलो. वनस्पतिशास्त्राची गोडी मला त्या दिवशी अचानक लागली.

दुसरा वाडा त्याहून मोठा. दोरखंड लावलेल्या खोल्या, माणसं नसलेले पलंग, आणि प्रत्येक खोलीत खुर्चीवर बसलेली एक देखरेख करणारी बाई. ग्रंथालयाच्या खोलीत एक काचेची पेटी होती. हौसाबाई तिच्यापाशी थबकल्या. आत चांदीचे टाक होते. घोड्यावरचा खंडोबा, शस्त्र घेतलेली देवी, देव्हाऱ्यात ओळीनं मांडतात तसे. शेजारच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, दख्खनचे चांदीचे दागिने.

"पंत," त्या म्हणाल्या, "ही कुनाच्या तरी घरची द्येवं हायेत. इचारा त्या बाईला, कुनाच्या घरातनं आनली? आन् ह्यांची पूजा कोन करतं?"

खोलीतले सगळे आमच्याकडे बघत होते. खुर्चीतली बाई उठून हसत पुढे आली. मी म्हटलं, "या म्हणतात की, तुमचा संग्रह फार सुंदर ठेवलेला आहे."

बाई लाजली. "किती गोड बोलल्या त्या! त्यांचे आभार माना."

"काय म्हनली?" हौसाबाईंनी विचारलं.

"तिला ठाऊक नाही म्हणाली."

हौसाबाईंनी पेटीला हात लावून नमस्कार केला. काचेवर बोटं उमटली. मी रुमालानं पुसली.

त्यानंतर आम्ही डोंगराळ भागातल्या एका खेड्यात गेलो. तिथे उन्हाळ्यात विहिरी सजवायची चाल आहे. मोठ्या लाकडी फळ्यांवर ओली चिकणमाती थापायची, तिच्यात पाकळ्या, बिया, शेवाळ दाबून देवाधर्माचं चित्र उभं करायचं आणि ते गावच्या विहिरीवर मांडायचं. पाण्याचे आभार मानायचे म्हणून. हॅरी हे सांगत होता, मी मराठी करत होतो, आणि आठवडाभरात प्रथमच हौसाबाईंना माझ्या मराठीची गरज नव्हती. "म्हंजे पान्याची पूजा. त्यात काय सांगायचं!" त्या ताठ पुढे गेल्या. ना दोरखंड, ना काच. चित्रात एक मेंढपाळ आणि त्याच्या मांडीवर कोकरू. कोकराचे डोळे म्हणजे दोन गर्द जांभळी बारकी फुलं.

हौसाबाईंनी वाकून नमस्कार केला. मग देवापुढून प्रसादाचं फूल घ्यावं तसं त्यातलं एक अलगद उचललं, डोळ्यांना लावलं आणि अंबाड्यात खोवलं.

कोकरू एकाक्ष झालं. जमलेल्या बायकांतून एक दबका चीत्कार निघाला. मातीनं माखलेला एप्रन बांधलेली एक धिप्पाड बाई तरातरा आली. ही नॅन्सी, चित्र तिच्या हाताखाली झालेलं. "यांनी हे का केलं? का?"

धरणीनं पोटात घ्यावं असं मला वाटलं. पण तिथली धरणी परकी, तिच्याकडे मागणार कसं! मी बोलत सुटलो. या अशिक्षित आहेत, म्हाताऱ्या आहेत, खेड्यातून आल्यात, यांना काही कळत नाही, यांच्या वतीनं मी माफी मागतो. नॅन्सीचा चेहरा हळूहळू निवळला. तिनं हौसाबाईंकडे पाहिलं आणि मान एका बाजूला कलती केली.

हौसाबाईंनी तिची ती कलती मान पाहिली.

"काय सांगितलं तुमी तिला?"

"माफी मागितली."

"न्हाई. मगाशी ती रागावली व्हती, ते बरं व्हतं. आता येड्या मानसाकडं बघावं तशी बघतीया. तुमी माझं सांगतच न्हाई, पंत. तुमी तुमचं सांगताय. माझं सांगा."

"काय सांगू?"

"सांगा, पूजा बघितली म्हनून नमस्कार केला. द्येवाम्होरलं फूल घ्यायचं असतं, न्हाई घेतलं तर द्येवाचा मान जातोय. म्हनून घेतलं."

मी सांगितलं. शब्दाला शब्द, अडखळत. नॅन्सीची मान सरळ झाली. ती आता माझ्याशी नाही, हौसाबाईंशी बोलू लागली. "पण पाद्रीबाबा अजून आलेच नाहीत! दुपारी येऊन ते आशीर्वाद देतील. त्याच्या आधी कोणी हात लावत नाही, मीसुद्धा."

मी हेही जसंच्या तसं सांगितलं. हौसाबाईंचा हात तोंडावर गेला.

"आगं बया! पूजा व्हायची हाय अजून? मग चुकलंच की माझं." त्यांनी अंबाड्यातलं फूल काढलं. ते चुरगळलं होतं. आठवडाभरात मी त्यांना प्रथमच खाली बघताना पाहिलं. मला जी लाज वाटत होती ती त्यांच्या मोठ्या आवाजाची, चपलांतल्या मोज्यांची. त्यांना वाटली ती खरी होती, आणि ती वाटून घेण्याचा त्यांचा हक्क मी मगाशी सारवासारव करून जवळजवळ काढून घेतला होता.

"इचारा तिला, कसं भरून काढू?"

नॅन्सीनं बादलीतून मातीचा गोळा दिला. तसलं फूल उरलं नव्हतं. हौसाबाईंनी कनवटीची पानाची चंची सोडली आणि एक लवंग पुढे केली. नॅन्सीनं वास घेतला. "उगवलेली आहे ना? उगवलेलंच चालतं आम्हांला."

"झाडावरची हाय म्हनावं."

दोघींनी मिळून डोळा बसवला. हौसाबाईंनी तिरका बसवला, नॅन्सीनं त्यांचं बोट धरून सरळ केला. "हिच्या हाताला वळण हाय," हौसाबाई म्हणाल्या. मी सांगितलं. नॅन्सी म्हणाली, "यांच्या हाताला नाही." मी तेही सांगितलं, आणि हौसाबाई खदखदून हसल्या. दुपारी पाद्रीबाबा आले, आशीर्वाद झाला, आम्ही दोघं शेवटच्या रांगेत उभे होतो.

बस सुटल्यावर त्या म्हणाल्या, "त्या मोठ्या वाड्यात, टाकांपाशी, तुमी काय इचारलंवतं?"

मी सांगितलं.

"म्हंजे तिला ठाऊक न्हाई असं न्हाई. तिला कुनी इचारलंच न्हाई."

"नाही."

"गाडी माघारी फिरंल का?"

मी उठून हॅरीकडे गेलो. त्यानं नकाशा काढून दाखवला. वाडा मागे उत्तरेला राहिला होता, बस दक्षिणेला चालली होती, आणि संध्याकाळी दत्ता डर्बीच्या स्थानकावर वाट पाहणार होता. दत्ताला पुढे रजा मिळाली, पण तोवर वाडा डागडुजीसाठी बंद झाला होता. दोन्ही वेळी मी हौसाबाईंना जसंच्या तसं सांगितलं.

अशी सहल जरूर करावी. वाडे प्रेक्षणीय आहेत, खेडी त्याहून. छत्री न्यावी, मोजे न्यावेत. आणि कोणाचा दुभाषा म्हणून जाणार असाल तर स्वतःची अब्रू घरी ठेवून जावी. तिचं ओझं शेवटी दुसऱ्याला वाहावं लागतं.

जांब्याला परतलो त्या संध्याकाळी हौसाबाईंच्या पडवीत आळी जमली. त्यांनी पलंग सांगितले, दोर सांगितले, लवंगेचा डोळा तर करून दाखवला. मग टाकांचं सांगितलं.

"घोड्यावरचा खंडुबा व्हय?" त्यांचे थोरले दीर तात्या पुढे सरकले. "कुनाच्या घरचा म्हनायचा त्यो?"

मी तोंड उघडलं. पण हौसाबाई आधी बोलल्या.

"इचारायचं राहिलं आमचं," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता त्यांनी मला चहा दिला.