आल्फहिल्डचा कोट

हागबार्टला एका जागी बूड टेकणं कधी जमलंच नाही. स्वतःच्या लग्नाच्या जेवणातूनही तो मधेच उठून बोटीची दोरी बघून आला होता. नॉर्वेतल्या वेगा द्वीपसमूहाच्या बाहेरच्या रांगेतलं त्यांचं ते सपाट, बिनझाडांचं बेट. या टोकाला शिंकलं की त्या टोकाच्या मेंढ्या मान वर करतात. तेवढ्यावरही तो दिवसभर भिरभिरायचा. हिवाळ्यात कॉड माशांच्या मागे उत्तरेला लोफोटेनच्या बेटांकडे जायचा, तेवढाच घराला निवांतपणा.

आणि अशा माणसाची गाठ पडली आल्फहिल्डशी, जिचं सारं आयुष्य आयडर बदकांपायी पावलं न वाजवण्यात गेलं. बदकं रानटी, समुद्रावरची. पण वसंतात ती घराच्या कुंपणाशी येतात, माणसांनी दगडांची नि फळ्यांची बांधलेली छोटी घरं निवडतात, वाळलेल्या समुद्री गवतावर अंडी घालून स्वतःच्या छातीची मऊ पिसं अंथरतात. माणसाने गरुड-कावळे हाकलायचे, बदल्यात पिल्लं गेली की ती पिसं घ्यायची. बदकं बसली की बेटावर हातोडा वाजत नाही, दोरीवर कपडे फडफडत नाहीत, कुत्रा बांधलेला असतो. राखणारीने दरवर्षी तोच कोट घालायचा, तोच रुमाल बांधायचा. मे उजाडला की आल्फहिल्ड नवऱ्याला समुद्रावर हाकलायची. "तू जा बाबा. तुझा खोकलासुद्धा धावत येतो."

त्या वर्षी मार्चअखेर समुद्री गवताचा भारा आणताना ती ओल्या खडकावर घसरली. खुबा मोडला. मुख्य भूमीवरच्या इस्पितळात न्यायला बोट आली तेव्हा वेदनेने तिचे ओठ पांढरे पडले होते, पण बोलणं बदकांचंच.

"त्या मुंगसासारख्या मिंकाने सगळी बदकं फस्त केली होती, आठवतंय ना? दोन माद्यांपासून पुन्हा जमवलीत मी. या वर्षी त्यांना परकं वाटलं तर पुन्हा येणार नाहीत, हागबार्ट. माझा कोट घाल."

"मी? तुझा कोट?"

"रुमाल पण."

हागबार्टने कोट चढवला. बाह्या कोपरापाशीच संपल्या. सामुद्रधुनीपलीकडे राहणारा तिचा भाऊ तॉर्लाइफ रोज वल्ही मारत यायचा. तो धक्क्यावर उभा राहून पोट धरून हसला. "काय मेव्हणे, मुलगी दाखवायला काढलीय का? नाक बरं आहे, दाढीचं बघायला हवं."

"हळू हस रे गाढवा," हागबार्ट कुजबुजला, आणि हे वाक्य आपण आयुष्यात पहिल्यांदाच म्हणतोय हे त्याच्या लक्षात आलं.

पहिली जोडी पाण्यातून वर आली. काळापांढरा नर मागे थांबला, तपकिरी मादी कुंपणापर्यंत डुलत आली. हागबार्ट आनंदाने पुढे झाला आणि ती फडफडत पाण्यात गेली. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. फोनवर त्याने आल्फहिल्डला खरं ते सांगून टाकलं.

"काय केलंस?"

"चाललो फक्त."

"तू चालत नाहीस, धावतोस. हातात काठोकाठ भरलेलं उकळतं पातेलं आहे असं समज. आणि बोलत राहा त्यांच्याशी."

"काय बोलू बदकांशी?"

"मी तुझ्या तक्रारी सांगते. इतकी वर्षं तेच चाललंय."

त्याला राग आला, हसूही आलं. दुसरं काही सुचेना, म्हणून तो कुंपणाशी वाकून तिच्याच सुरात पुटपुटू लागला. "हागबार्ट आजही बूट न काढता आत आला. मुलगी जन्मली तेव्हा हागबार्ट लोफोटेनला होता. आई गेली तेव्हाही." या तक्रारी कोणी त्याला शिकवल्या नव्हत्या. त्या त्याला आधीपासून पाठ होत्या.

मादी परतली. मग आणखी आल्या. एकेक घर भरत गेलं. हागबार्ट उकळतं पातेलं सांभाळत फिरायचा, आणि रात्र न होणाऱ्या त्या उजेडात त्याचे पाय मात्र पांघरुणाखाली वळवळत राहायचे. बाहेर समुद्रात हॅलिबट मासा लागला होता. तॉर्लाइफ भरल्या बोटीने यायचा. धक्क्याला बांधलेली हागबार्टची बोट दोरी ताणायची, ढिली करायची, आणि ते पाहून त्याचा जीव नुसता तळमळायचा. आल्फहिल्ड आली की त्याच दिवशी निघायचं, असं त्याने ठरवून टाकलं. डिझेल भरलं, जाळी चढवली.

जूनच्या सुरुवातीला ती आली. हातात काठी, चेहरा निम्मा झालेला. चहासुद्धा न घेता म्हणाली, "कोट दे."

तिने कोट घातला, रुमाल बांधला नि कुंपणात शिरली. ठक. काठी दगडावर वाजली. मग दुखरा पाय ओढल्याचा आवाज. पुन्हा ठक. जवळच्या घरातली मादी मान ताणून उठली. तिच्यापलीकडची अंडी उघडी टाकून बाहेर आली. वर कावळा घिरट्या घालायला लागला.

"आल्फहिल्ड," हागबार्ट मागून हळूच म्हणाला. "थांब."

ती थांबली. ज्यांना तिने दोन माद्यांपासून जमवलं, ती बदकं तिच्याकडे परक्या माणसाकडे पाहावं तशी पाहत होती. ती उलटी, पाऊल पाऊल मागे आली. डोळे पुसले, कोट काढला, त्याच्या खांद्यावर घातला आणि लहान मुलाची लावावीत तशी सगळी बटणं स्वतः लावली.

हागबार्टने एकदा धक्क्याकडे पाहिलं. मग रुमाल बांधून तो आत गेला. बाहेर आलेली मादी घराच्या तोंडाशी घुटमळत होती. तो तिच्यापासून चार हातांवर गवतात बसला. चक्क बसला.

"हागबार्ट आज समुद्रावर जायचा होता," तो पुटपुटला. "सगळी तयारी करून बसला होता. बायकोला घरी येऊन घटका झाली नाही, तर निघाला होता मेला."

मादीने मान खाली घेतली.

"नाही जात म्हणतो," हागबार्ट म्हणाला.

मादी आत सरकली आणि अंड्यांवर बसली. कुंपणाबाहेर आल्फहिल्डने काठी आवाज होणार नाही अशी गवतावर आडवी ठेवली नि ती ऐकत राहिली.