एक ओळ मागे

लग्न होऊन मी वणीला आले ते अठ्ठावन्न सालच्या सुमारास. आमचे हे प्राथमिक शाळेत मास्तर, आणि रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचे. सासूबाईंना जवळजवळ ऐकूच येत नव्हतं, पण गाण्याची हौस दांडगी. आवाज असा, की कोळशाच्या ट्रकनंही बाजू द्यावी.

शेजारी उभ्या असलेल्या बाईचे ओठ बघून त्या ओळ ओळखायच्या आणि मग म्हणायच्या. त्यामुळे मंडळी दुसऱ्या ओळीवर असली की सासूबाई पहिलीवर. गीत संपायचं, पेटी थांबायची, सगळे खाली बसायचे. त्या एकट्याच उभ्या राहून शेवटची ओळ पुरी करायच्या आणि असं 'आमेन' ठणकावायच्या, की बाहेर बांधलेली बकरी दोर ताणायची.

ह्यांना ते सहन होत नसे. घरी ओरडून सांगायचे, "माय, तुह्यी ओळ मांगं पडते!"

"मांगं कायची? तुह्यी पेटीच पुढं पयते!"

मग नवे पाळकसाहेब आले. त्यांनी उपाय म्हणून सासूबाईंना थेट पेटीशेजारी बसवलं. झालं उलटंच. अर्धी मंडळी पेटीमागे गेली, अर्धी सासूबाईंमागे. त्या रविवारी एकच गीत दोनदा संपलं. एक म्हातारबाबा तर गोंधळून पुन्हा पहिल्या कडव्यापासून सुरू झाले. हे घरी येऊन जेवलेच नाहीत.

पाळकसाहेबांनी मला गाठलं. "बाई, तुम्हीच समजावा त्यांना. मनातल्या मनात गायलं तरी देवाला पोचतं."

आता ही नाजूक गोष्ट बहिऱ्या बाईला सांगायची कशी? दार लावून हळूच सांगितलं. "काय?" जरा मोठ्यानं सांगितलं. "काय वं?" शेवटी मी जीव खाऊन ओरडले, "मनातल्या मनात गा!" पलीकडच्या मेकॅनिकची बायको कुंपणापाशी धावत आली. "क्या हुआ, मास्तरनबाई? कोण गेलं?"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मनात गायलं त देवाले ऐकू येईन. पण मले नाही येणार ना. मी मोठ्यानं गातो तवा इथं छातीत थोडंसं वाजते. तेवढंच समजते मले."

लहानपणापासून मी स्तुतिगीतं पाढ्यांसारखी म्हणत आले होते. छातीत काही वाजतं का, ते कधी पाहिलंच नव्हतं. रात्री ह्यांना सगळं सांगितलं.

तरीही पुढच्या रविवारी सासूबाई माझ्या सांगण्याप्रमाणे खरंच तोंड मिटून बसल्या, पदर ओठांवर धरून. पहिली ओळ झाली. ह्यांनी अचानक भाता थांबवला, आईकडे वळून बोटानं खूण केली आणि म्हणाले, "म्हण, माय."

सासूबाईंनी आधी ह्यांच्याकडे संशयानं पाहिलं. मग उठल्या आणि ती ओळ म्हटली. चर्च दणाणलं. मंडळी थांबून राहिली. मग दुसरी ओळ, पुन्हा पेटी बंद, पुन्हा सासूबाई. पाळकसाहेब आधी हसले, मग तिसऱ्या ओळीपासून सासूबाईंसोबत तीच ओळ दुसऱ्यांदा गाऊ लागले. मंडळीनंही तेच धरलं.

पाच कडव्यांचं गीत, प्रत्येक ओळ दोनदा! उपदेश निम्मा कापावा लागला, त्याचं दुःख कुणाला झालेलं दिसलं नाही. मंद आचेवर ठेवून आलेली माझी डाळ मात्र पार करपली होती. मायलेकांनी ती एका शब्दानंही न कुरकुरता खाल्ली, आणि ह्यांनी वर आणखी मागितली.