अनवरीचा पहिला तुकडा

शुक्रवार पेठेत अनवरीच्या शिलाई मशीनवरच्या टिपेचा दरारा होता. अक्कलकोट रोडच्या कारखान्यातून टॉवेलचे गठ्ठे तिच्या घरी यायचे आणि कडा शिवून परत जायचे. तीस वर्षांत तिची टीप कधी वाकडी गेली नव्हती. म्हणूनच कारखान्याचा मुकुंद अर्धा गठ्ठा माघारी घेऊन आला, तेव्हा तिच्याआधी त्याचीच मान खाली गेली.

"चाची, जरा वाकडं झालंय की," तो म्हणाला.

वाकडं होणारच. दुपार झाली की तिच्या छातीत धडधडायचं आणि बोटं थरथरायची. भार्गवी डॉक्टरांनी ईसीजी काढला. हृदय ठणठणीत होतं, तरी त्यांनी चहा बंद करायला सांगितला. दिवसाला सहा कप रिचवणारी बाई, पण मशीन सुटण्यापेक्षा चहा सुटलेला बरा, म्हणून तिने कपाकडे पाठ फिरवली. दोन आठवडे झाले तरी धडधड आपली तशीच. आता घरची माणसं मशीन बंद करायला लावणार, या धास्तीने तिचा जीव आणखीच अर्धा झाला.

इकडे तिची सून शाइस्ता घरीच चॉकलेट करायची. काळं, भरपूर कोकोचं, आत खजूर नाहीतर बदाम. लग्नसराईमुळे सकाळपासून सहा-सात घाणे निघत होते, आणि प्रत्येक घाण्याचा पहिला मोठा तुकडा ती स्वतः सासूच्या तोंडात घालायची. "पैला टुकडा तुमारा, अम्मी."

खरं सांगायचं तर अनवरीला ते कडूजहर लागायचं. पण माहेरी भावांच्या मागून आणि सासरी अख्ख्या घराच्या मागून जेवलेली बाई ती. तव्यावरची शेवटची, करपलेली भाकरी तिची ठरलेली. साठी उलटल्यावर कुणीतरी पहिला तुकडा तिच्यासाठी काढत होतं. त्याला नाही कशी म्हणणार? ती डोळे मिटून गिळायची आणि तारीफ करायची.

दुसऱ्या खेपेला शाइस्ता तिच्यासोबत दवाखान्यात गेली. "चहा नाही, कॉफी नाही. मग दिवसभरात खाता तरी काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"भाकरी, कालवण. दुसरं काय न्हाय," अनवरी म्हणाली. चॉकलेट म्हणजे पोरांचा खाऊ, तो काय डॉक्टरांना सांगायचा!

"माझं चॉकलेट खातात की," शाइस्ता म्हणाली. "रोज सहा-सात तुकडे."

डॉक्टर हसल्या. "अहो, कोकोच्या बीमध्येच कॅफिन असतं. चहात असतं तेच. चॉकलेट जितकं काळं, तितकं जास्त. एखाद्याला एवढंही सोसत नाही. कप सोडलात आणि चावून खात बसलात! पंधरा दिवस बंद करून बघा."

परतताना शाइस्ता रिक्षात मुसमुसत होती. आपल्याच हाताने अम्मीला आजारी पाडलं, हे तिच्या मनाला लागलं होतं. अनवरी तिची पाठ थोपटत राहिली.

आठवडाभरात धडधड थांबली. टीप पुन्हा सरळ धावू लागली आणि मुकुंद गठ्ठा न उलगडताच नेऊ लागला. मशीन वाचलं. अनवरीने वरच्याचे आभार मानले, पण तिला चैन पडेना. घाणा निघाला की तिची मान आपोआप वर व्हायची. शाइस्ता तुकडे थेट डब्यात भरायची. पुन्हा सगळ्यांच्या मागून जेवायला बसल्यासारखं अनवरीला वाटायचं.

पंधराव्या दिवशी दुपारी शाइस्ता मशीनपाशी आली. तिच्या हातात पांढऱ्या चॉकलेटचा तुकडा होता. त्यात कोकोची काळी पूड नव्हती, नुसतं लोणी होतं आणि कॅफिन नावालाच. तिने डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. तो जमेपर्यंत तिचे दोन घाणे वाया गेले होते.

"पैला टुकडा तुमारा, अम्मी."

दुधासारखा गोड तुकडा जिभेवर विरघळला. अनवरीने मशीन थांबवलं आणि सुनेला जवळ ओढलं.

"अब सच बोलती, बेटी. वो काला मेरेकू जहर लगता था."

शाइस्ता मिठीतून मागे सरली. "फिर खाते थे कायकू?"

"तू देती थी ना."