हिरवा रंग उडताना

पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत मी रोज रंग उडताना बघते. नमुन्यात हिरवा रंग घालायचा, तो उडवणारं रसायन टाकायचं आणि घड्याळ लावायचं. पाण्यात मँगनीज या धातूचा नुसता अंश असला तरी तो या उडण्याला घाई लावतो आणि स्वतः मात्र खर्च होत नाही. रंग जितका लवकर जाईल, तितकं मँगनीज जास्त, आणि जास्त मँगनीज तान्ह्या बाळाच्या मेंदूला अपाय करतं.

आज समोर आमच्याच घरच्या बोअरचं पाणी होतं. दिसायला अगदी नितळ. चार महिन्यांच्या लेकीचं पावडरचं दूध मी याच पाण्यात कालवते.

"अगं, आज घरचं पाणी आणलंस?" शेजारच्या टेबलावरून सुनीताताईंनी विचारलं.

मी रसायन टाकून घड्याळ लावलं. मँगनीजसारख्या आणखी किती गोष्टी असतील, डोळ्यांना न दिसता अंगात शिरणाऱ्या आणि मुकाट्यानं आपलं काम करत राहणाऱ्या? तुलनेसाठी लावलेल्या शुद्ध पाण्याच्या नळीतला हिरवा अजून गडद होता. आमची नळी मात्र बघता बघता फिकट पोपटी झाली, मग जवळजवळ पांढरी.

"नमुन्याची बाटली नीट धुतली नसशील," ताई हळूच म्हणाल्या. "पुन्हा लाव."

बाटल्या नीट न धुणाऱ्यांवर मी वर्षानुवर्षं ओरडत आले आहे. आज मनापासून वाटलं, मीच ही बाटली धुवायला विसरलेली असू दे.

पण काल तीच बाटली नायट्रिक आम्लानं विसळताना बोटावर पडलेला पिवळा डाग जराही उडाला नव्हता.