अंगठ्याचा दाब

माझे मेहुणे नेमबाजीच्या सरावात वापरलेली पितळी काडतुसे घरीच पुन्हा भरतात. काल मी शेजारी बसून पाहत होतो. दारू भरलेल्या काडतुसाच्या तोंडावर त्यांनी गोळी सरळ धरली, गोळी बसवायच्या यंत्राचा दांडा सावकाश खाली ओढला आणि गोळी घट्ट बसली का ते पाहायला तयार काडतुसाचे टोक टेबलाच्या कडेला टेकवून मागून अंगठ्याने दाबले. गोळी आत सरकली. त्यांनी ते बाजूला टाकले.

“बाबा, केसभर तर सरकली!” स्पर्धेत उतरणारी त्यांची मुलगी मुक्ता म्हणाली.

“आत जागा कमी झाली की दाब वाढतो, बाई. रायफल फुटेल तेव्हा तुझा गाल तिला टेकलेला असेल.”

गेल्या हंगामात मुक्ताच्या शेजारच्या नेमबाजाची रायफल फुटली होती. पोलादाचा तुकडा त्याच्या गालात शिरला आणि दात फोडून बाहेर पडला. चटईवरचे रक्त तिनेच पुसले होते.

हिंसेला आपण मोठ्या आवाजावरून ओळखतो. इथे ती पितळेत मुकाट बसली होती, आणि ती लक्ष्याकडे जाईल की माघारी फिरेल, हे एका अंगठ्याखाली ठरत होते.

मुक्ताने भरलेल्या काडतुसांचा डबा जवळ ओढला आणि एकेक काडतूस टेबलाला टेकवून दाबू लागली. तळाशी उरलेल्या एकाची गोळी खचली.

“बाबा, हेही,” ती म्हणाली. तिचा दुसरा हात गालावर गेला होता.