कापसातला विंचू आणि नातीची परीक्षा

घरात साठवलेल्या कापसात हात घातला आणि विंचू चावला. घाम सुटला, हातपाय गार पडले. माझी डॉक्टर नात त्याच दिवशी अमेरिकेत पुढे शिकायच्या परीक्षेसाठी हैदराबादला निघणार होती. तिने बॅग खाली ठेवली, मला घाटंजीच्या दवाखान्यात नेलं आणि माझ्याजवळच बसली. परीक्षा बुडाली. नवी तारीख घेतली तर निकाल अर्जाच्या मुदतीनंतर लागणार होता.

बरं वाटल्यावर मी विचारलं, “मले वाचवलं, ते अमेरिकावाले तुह्या अनुभवात धरतीन ना?”

“नाई आजी. तिथल्याच दवाखान्यातलं काम धरते.”

“काहून? तिथं माणसाचं काळीज उजवीकडं असते का?”

ती खूप हसली. इथलं काम का धरत नाहीत, ते मला अजून समजलेलं नाही. तिचा अर्ज पुढच्या वर्षावर गेला. मी वाचले.